नानांचं म्युझियम, बाकीच्यांचा बीच

वाचकाचा प्रश्न : न्यू जर्सीत राहणाऱ्या एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. नाताळच्या सुट्टीत नवरा, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेले ७१ वर्षांचे सासरे यांच्यासह त्या मायामीहून कॅरिबियन क्रूझला निघाल्या आहेत. जहाज एक दिवस अँटिग्वा बेटावर, सेंट जॉन्स गावात थांबणार आहे. नाना, म्हणजे सासरे, मूळचे सांगली जिल्ह्यातले, घरचा ऊस. नंतर मुंबईत बँकेत नोकरी आणि डोंबिवलीत घर. "त्यांनी आजवर आमच्याकडे कधी काही मागितलं नाही. या ट्रिपचं सांगितल्यावर मात्र म्हणाले, अँटिग्वाला तिथलं म्युझियम बघू या. नवरा म्हणतो, एवढ्याशा बेटावर कसला इतिहास, चार मडकी आणि दोन फोटो असतील. मुलांना बीचवर जायचंय. नानांना एकटं पाठवायला धीर होत नाही, सगळ्यांना ओढत नेलं तर तोंडं वाकडी होणार. शिवाय तिथं गुलामगिरीचं असणार. सुट्टीत मुलांना ते कशाला दाखवायचं? सगळ्यांना खूश ठेवून हा एक दिवस कसा बसवू?"

उत्तर :

तुमच्या पत्रात नवऱ्याचं म्हणणं आहे, मुलांची फर्माईश आहे, तुमची धाकधूक आहे. नानांना त्या म्युझियममध्ये नेमकं काय बघायचंय, तेवढं मात्र नाही. विचारलंत का? घरातल्या वडीलधाऱ्याने क्वचित काही मागितलं की आपण एक तर लगेच पुरवतो किंवा गोड बोलून टाळतो. "तिथलंच का हो, नाना?" असं सहज कुतूहलाने विचारायचं राहून जातं. तर आधी ते विचारा. बाकीचं नियोजन त्यांच्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे.

माझा एक अंदाज सांगते. चुकला तर सोडून द्या. त्या म्युझियममध्ये वेस्ट इंडीजचा फलंदाज व्हिव्ह रिचर्ड्स याची बॅट ठेवलेली आहे. १९८६ साली त्याच गावातल्या अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंडवर त्याने इंग्लंडविरुद्ध ५६ चेंडूंत कसोटी शतक ठोकलं, तीच ही बॅट. सर्वांत वेगवान कसोटी शतकाचा तो विक्रम मोडायला २०१६ साल उजाडलं. आता नानांचं वय पाहा. गावसकर १९७१मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढून आले, तेव्हा नाना सोळा-सतरा वर्षांचे असतील. रिचर्ड्स पहिली कसोटी खेळला तोच मुळी भारतात, बंगळूरला, १९७४च्या नोव्हेंबरात. पुढे जानेवारी १९७५मध्ये वानखेडेवर पहिलीवहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या, मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारलं आणि स्टेडियममध्ये दंगल उसळली, ती हीच मॅच. नाना तेव्हा मुंबईत होते का, एवढं विचारून बघा. होते असं निघालं, तर पुढचा तासभर तुम्हाला दुसरं काही काम उरणार नाही.

अंदाज चुकला आणि ते म्हणाले, "काही नाही गं, नवीन गावात गेलं की तिथलं म्युझियम बघावं," तरी हरकत नाही. तेवढं कारण पुरेसं आहे.

आता तुमच्या यजमानांची चार मडकी. मडकी आहेत, अगदी खरं. कोलंबसाच्या आधी शेकडो वर्षं तिथं माणसं राहत होती. त्यांची भांडी आणि हत्यारं आहेत, मूळच्या आरावाक लोकांच्या घराची खऱ्या आकारातली प्रतिकृती आहे, उसाच्या मळ्यांचे नमुने आहेत. इमारत आहे १७५०च्या सुमाराची, जुन्या कोर्टाची. गावातली सर्वांत जुनी वापरातली वास्तू म्हणून तिचं नाव घेतात. सगळं मिळून तासाभरात बघून होतं, आणि माझ्या मते हाच तिचा मोठा गुण आहे. पॅरिस-लंडनच्या भव्य संग्रहालयांतून आपण पाय दुखवून बाहेर पडतो आणि संध्याकाळी विचारलं तर एक वस्तू धड आठवत नाही. छोट्या गावातलं म्युझियम गावकऱ्यांनी आपल्या शाळकरी पोरांसाठी मांडलेलं असतं. तिथल्या पाट्या वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा : 'आम्ही' म्हणून कोण बोलतंय. क्रूझच्या माहितीपत्रकात बेट पाहुण्यांच्या नजरेतून दिसतं, राजेशाही आरमार, रम, नारळाची झाडं. म्युझियममध्ये बोलतात ते ज्यांच्या पणज्या-खापरपणज्या उसात राबल्या, ते.

तरी माझा सल्ला असा आहे की पाचही जणांनी मिळून म्युझियमला जाऊ नका. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरून चालला आहात, की फॅमिली ट्रिप म्हणजे सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं. हे कुणी ठरवलं? क्रूझवर तुम्ही दहा दिवस एका जहाजात आहात. नाश्ता एकत्र, जेवण एकत्र, रात्रीचा शो एकत्र, केबिनही शेजारी. अर्धा दिवस दोन गट झाले तर कुटुंब मोडत नाही, उलट संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी मिळतं. 'सगळ्यांना खूश ठेवून' या शब्दांपाशीही मी जरा अडखळले. पाच माणसांची खुशी सांभाळायचा ठेका तुमच्या एकटीकडे कसा आला? तिकिटं तुम्ही काढली म्हणून तोंडं वाकडी झाल्याचा दोषही तुमचाच, असं होत नाही. आठ वर्षांच्या मुलाचं तोंड तर कुठेही वाकडं होतं आणि दहा मिनिटांत सरळही होतं.

नानांना एकटं पाठवायचं की नाही, याकडे जरा व्यवहाराने पाहू. क्रूझची जहाजं सेंट जॉन्समध्ये गावाच्या तोंडाशीच लागतात. हेरिटेज की नावाच्या धक्क्यावरून बाहेर पडलं की दुकानं ओलांडून सरळ गाव. लाँग स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर म्युझियम, रमतगमत दहा मिनिटांचं चालणं. भाषा इंग्रजी. गाड्या डाव्या बाजूने चालतात, म्हणजे रस्ता ओलांडताना गोंधळ झालाच तर तो अमेरिकेत वाढलेल्या तुमच्या मुलांचा होईल, डोंबिवलीच्या नानांचा नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं लोकलने डोंबिवली-मुंबई केली, त्याला हे दहा मिनिटांचं अंतर जड जाणार नाही. खरे प्रश्न साधे आहेत : गुडघे कसे आहेत, उन्हात चक्कर येते का, औषधं खिशात आहेत का, फोन तिथं चालणार आहे का. फुटपाथ अरुंद आहेत आणि कडेला उघडी गटारं आहेत, त्यामुळे चप्पल नको, बूट हवेत. यातलं काही अडचणीचं असेल तर सोबत द्या. नसेल तर 'एकटं सोडणं' हा शब्दच काढून टाका. ते फिरायला जाताहेत.

आणि जहाज चुकण्याची भीती? ती मला नानांपेक्षा तुमच्या बीचवाल्या गटाची जास्त वाटते. नाना धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असणार. टॅक्सीने लांबच्या किनाऱ्यावर जाऊन, 'अजून पाचच मिनिटं' म्हणत पाण्यात बसणार तुम्ही लोक. आपण स्वतः ठरवलेल्या फेरफटक्यासाठी जहाज थांबत नाही, ते फक्त कंपनीने नेलेल्या सहलीसाठी थांबतं. हिवाळ्यात अँटिग्वाचं घड्याळ मायामीच्या एक तास पुढे असतं. काही जहाजं बंदराची वेळ पाळतात, काही निघालेल्या बंदराची. फोन मात्र आपल्या मनाने वेळ बदलतो. आदल्या रात्री जहाजावर विचारून घ्या, आणि सगळ्यांच्या मनगटी घड्याळांत जहाजाची वेळ लावा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही तो शेवटी, जरा घाईत लिहिलाय, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुट्टीत मुलांना गुलामगिरी दाखवायची का?

तुमची मुलगी १३ वर्षांची आहे आणि अमेरिकन शाळेत जाते. गुलामगिरी तिला ठाऊक आहे, कदाचित तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. तिला माहीत नसेल ती अमेरिकेबाहेरची गोष्ट. अँटिग्वा जेमतेम २८० चौरस किलोमीटरचं बेट. त्यावरचं जंगल तोडून जवळजवळ सगळीकडे ऊस लावला गेला. बारमाही नदी नाही, म्हणून उसाचे घाणे वाऱ्यावर चालवले. त्या पवनचक्क्यांचे दगडी बुंधे आजही बेटभर उभे दिसतात. १६७४पासून कॉड्रिंग्टन घराण्याकडे असलेला 'बेटीज होप' नावाचा मळा त्यांच्याकडे थेट १९४४पर्यंत होता. मळ्यावर राबायला माणसं आणली आफ्रिकेतून, विकत घेऊन.

इथं नाना कामाला येतील, आणि म्युझियमला ते असणं मला म्हणूनच हवं आहे. सांगलीकडच्या माणसाला चरक, काहील, काकवी, मळी समजावून सांगावी लागत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो, म्हणून घाणा रात्रंदिवस चालतो. चरकात ऊस सारणाऱ्याचा हात आत ओढला जाऊ शकतो. हे ज्याने गुऱ्हाळावर पाहिलंय, त्याला मळ्याचा तो छोटा नमुना बघून अंगावर काटा येईल. तुमची मुलगी पाटी वाचेल, नाना त्या पाटीतलं काम सांगतील. पुस्तकात हे जमत नाही.

ती हुशार असेल तर पुढचा प्रश्न विचारेल : आजोबा, आपला ऊस कोण तोडायचं? बीडकडून येणारे ऊसतोड कामगार, मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, फडाशेजारच्या खोपट्या, शाळा सोडून आलेली पोरं. उचल घेतलेला मजूर आणि बाजारात विकत घेतलेला माणूस एक नव्हेत, ही रेघ स्पष्ट ठेवायलाच हवी. ती पुसली की दोघांवरही अन्याय होतो. पण नानांना उत्तर देताना जरा अवघड गेलं, तर जाऊ द्या. आजोबांना अवघड जाताना पाहणं मुलांसाठी वाईट नसतं.

दुःखाबरोबर तिथं आणखी एक गोष्ट मुलीला भेटेल. १७३६ साली या बेटावरच्या गुलामांनी मोठा कट रचला होता. त्यांचा पुढारी कोर्ट नावाचा माणूस, ज्याला प्रिन्स क्लास म्हणूनही ओळखतात, लहानपणी गोल्ड कोस्टवरून, म्हणजे आजच्या घानातून, आणलेला. इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाच्या वार्षिक दिनानिमित्त गोऱ्यांचा नाचाचा समारंभ व्हायचा होता, त्या रात्री दारूगोळ्याने तो उडवायचा आणि बेट ताब्यात घ्यायचं, असा बेत होता. समारंभ पुढे ढकलला गेला, कट फुटला आणि ८८ जणांना मृत्युदंड झाला, बहुतेकांना जिवंत जाळून. आज तोच कोर्ट देशाचा राष्ट्रवीर आहे. पुढे १ ऑगस्ट १८३४ला ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली. बाकीच्या बहुतेक वसाहतींनी 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली आणखी चार वर्षं लोकांना जुंपून ठेवलं. अँटिग्वाने ती पायरी गाळून त्याच दिवशी सर्वांना मुक्त केलं. यात मळेवाल्यांची दया कमी आणि हिशेब जास्त होता. जमीन सगळी त्यांचीच, तेव्हा सुटलेला माणूस मजुरीला येणार कुठे, तर त्यांच्याचकडे. ब्रिटिश सरकारने भरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले, तेही मालकांना. हे १३ वर्षांच्या मुलीला सांगून पाहा. तिला न्यायाची चाड असण्याचं हेच वय आहे, ती बीचवर गेल्यावरही त्यावर बोलेल.

आठ वर्षांच्या मुलाला यातलं सगळं नको. त्याला ते आरावाक घर दाखवा, बॅट दाखवा. "या लोकांना इथं जबरदस्तीने आणलं होतं आणि ते त्याविरुद्ध लढले," एवढं एक खरं वाक्य सांगा आणि वीस मिनिटांत बाहेर काढा. जाळण्या-मारण्याचे तपशील त्याला मोठं होऊन कळतील. खोटं मात्र सांगू नका. "पूर्वी इथं कामगार राहायचे" अशी गुळगुळीत वाक्यं मुलांच्या लक्षात राहतात, आणि ती खोटी होती हेही नंतर कळतं.

तर मग दिवस असा लावता येईल. सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्यांनी मिळून गावात चालत जा. म्युझियमच्या दारापर्यंत सगळे या. धाकट्याची वीस मिनिटं झाली की यजमानांनी त्याला घेऊन सरळ बीचवर जावं. मुलीला पर्याय द्या, हुकूम नको : "आजोबांबरोबर थांबतेस की बाबांबरोबर जातेस?" ती बीच म्हणाली तरी चेहरा पाडू नका. तुम्ही स्वतः कुठे जायचं, हेही तुमच्या मनाने ठरवा. पत्रात तुम्हाला काय आवडेल याचा कुठेच उल्लेख नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? म्युझियमनंतर नानांना चालवत असेल तर वरच्या अंगाला दोन मनोऱ्यांचं कॅथेड्रल आहे. १८४३च्या भूकंपात आधीचं चर्च पडल्यावर हे बांधलं आणि भूकंपात टिकावं म्हणून आतून पूर्ण लाकडाने मढवलं. रिक्रिएशन ग्राउंडही गावातच आहे. कुंबळेने २००२ साली तुटलेल्या जबड्यावर पट्टी बांधून १४ षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं, ते तिथंच. नानांना हे मी सांगायची गरज नाही.

दिवस रविवारचा किंवा सरकारी सुट्टीचा निघाला तर म्युझियम बंद असतं, आणि तुम्ही नाताळात जाताय, म्हणून तारीख आत्ताच तपासा. बंद असलंच तर बेटाच्या दक्षिण टोकाला नेल्सन्स डॉकयार्ड आहे, २०१६पासून युनेस्कोच्या यादीत. तिथंही एक छोटं म्युझियम आहे. पण तिकडे टॅक्सीने जावं लागतं, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे, तेव्हा परतीचा वेळ सैल ठेवा. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा, आणि आकडा अमेरिकन डॉलरचा की स्थानिक डॉलरचा हेही विचारा. स्थानिक चलन ईस्ट कॅरिबियन डॉलर आहे. एका अमेरिकन डॉलरला ते २.७० मिळतात, हा दर १९७६पासून बदललेला नाही.

असाच पेच असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते, कारण हिवाळ्यात अशी पत्रं येतातच. प्रत्येक बंदरावर म्युझियम इतकं जवळ नसतं. सेंट किट्समध्ये बासतेरला जुन्या ट्रेझरीच्या इमारतीतलं राष्ट्रीय म्युझियम धक्क्याला अगदी लागून आहे, चुकणं कठीण. बार्बाडोसचं म्युझियम जुन्या लष्करी तुरुंगात आहे, फार चांगलं, पण ब्रिजटाउनच्या धक्क्यापासून टॅक्सी करावी लागते. चालत जाता येत असेल तर स्वतः जा. लांब असेल आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर जहाजाची सहल महाग पडली तरी घ्या.

तिथं गेल्यावर काउंटरवरच्या बाईंना आधी "गुड मॉर्निंग" म्हणा, मग तिकिटाचं विचारा. कॅरिबियनमध्ये अभिवादन न करता थेट प्रश्न टाकणं उद्धटपणाचं मानतात, आणि अमेरिकेच्या घाईत आपण नेमके तेच करतो. फोटो विचारून काढा. मुलाची लष्करी छापाची हिरवी-तपकिरी चड्डी किंवा टोपी असेल तर ती केबिनमध्येच राहू द्या. अँटिग्वात सामान्य माणसाने तसले कपडे घालणं कायद्याने बंद आहे, पर्यटकांनाही.

तिकीट मोजक्या डॉलरचं असतं आणि ते नाना काढू म्हणाले तर काढू द्या. त्यांच्या खिशात एक-एक, पाच-पाचच्या अमेरिकन नोटा ठेवा. सुटे बहुधा स्थानिक पैशांत परत येतील, ते मार्केट स्ट्रीटच्या टोकाच्या बाजारात खपतात. तिथं मिळाला तर काळा अननस कापून घ्या. आकाराने लहान आणि चवीला फार गोड असतो, बेटाच्या राजचिन्हावरसुद्धा तो आहे. तिथंच उभ्याने खाऊन संपवा, ताजी फळं जहाजावर घेऊ देत नाहीत.